शस्त्रं शोधणारी रेग्ला

कादिस शहरातल्या आमच्या विन्या मोहल्ल्यात रेग्लाला काही फुकट द्यायचं, तर कारण आधी तयार ठेवावं लागतं. एका वर्षी पाद्रीबुवांनी घरोघरी मेणबत्त्या वाटल्या. साऱ्या बायकांनी देवाचं नाव घेऊन त्या पदरात पाडून घेतल्या. रेग्लाने आपली मेणबत्ती उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण खरं कारण काय?" बुवा गडबडले, हवापाण्यावर बोलले आणि सटकले. पुढच्या आठवड्यात चर्चच्या छपरासाठी वर्गणी सुरू झाली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी काही वाटायला लागलं की लोक आधी रेग्लाच्या तोंडाकडे बघतात.

तिचं लग्नही याच प्रश्नातून पार पडलं. चानोने ला कालेता किनाऱ्यावरच्या वाळूत बसून तिला मागणी घातली, तेव्हा ती लाजलीबिजली नाही.

"का?" तिने विचारलं.

"का म्हणजे? तुझ्या हातची तळलेली मुशी खाल्ल्यापासून मला दुसरं काही गोड लागत नाही."

"ते झालं. खरं कारण?"

चानोने समुद्राकडे तोंड फिरवलं. "आमच्याकडे आम्ही पाच भाऊ एका खोलीत झोपतो. थोरला घोरतो."

"आता कसं बोललास," रेग्ला म्हणाली, आणि त्याच उन्हाळ्यात तिने लग्न केलं. पस्तीस वर्षं झाली, चानो अजून खरं बोलतो, कारण दुसरा इलाज नाही. आता तोही घोरतो, ते सोडा.

हा संशय तिच्या अंगात उगाच भरलेला नाही. सत्तावन्न सालची गोष्ट. देशावर तेव्हा एकट्या जनरलचं राज्य होतं आणि पेपरात त्याला आवडेल तेवढंच छापून यायचं. रेग्लाला शाळेतून नुकतंच काढून तळणीच्या दुकानात मासे साफ करायला लावलं होतं. तिचा भाऊ हेर्मान शिपाई म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इफ्नीला गेला. पेपर म्हणत होता, तिथे काही नाही, चार लुटारूंशी किरकोळ चकमक आहे. हेर्मानची पत्रं मात्र अर्धी काळी शाई फासून यायची. चार लुटारूंसाठी एवढी शाई कशाला, असं तिची आई म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. दुकानात गिऱ्हाइकं पुड्या बांधून होईपर्यंत कुजबुजायची. कोणी म्हणे तिथे जमिनीत काहीतरी आहे, कोणी म्हणे समुद्रात मासे आहेत, कोणी म्हणे कुठल्याशा सेनापतीला छातीवर अजून एक पदक हवंय आणि जागाही शिल्लक आहे. पोरगी रेग्ला कान टवकारून सगळं ऐकायची आणि मुशीच्या पोटातून आतडी काढायची.

हेर्मान परत आला. वाळला होता, काळा पडला होता, पायात दोरीच्या तळव्यांची चप्पल होती, कारण सरकारने लढाईला बूट दिलेच नव्हते. आख्खा मोहल्ला दारात गोळा झाला. बापाने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "हेर्मान, काय होतं रे तिथे?"

"निवडुंग," हेर्मान म्हणाला. "आणि वारा."

"वारा तर इथेही आहे."

"तेच मी सार्जंटला म्हणालो."

त्या दिवशी लोक इतके हसले की समोरच्या चौकीतला शिपाई बाहेर येऊन बघून गेला. रेग्ला तेव्हाच दोन गोष्टी शिकली. एक, वर बसलेले सांगतात ते कारण आणि असतं ते कारण यांची फारशी ओळख नसते. दुसरी, भीतीने तोंड मिटलेल्या माणसांनाही एकत्र हसता येतं, आणि त्या हसण्याला कुठलं कलम लावायचं ते चौकीतल्या शिपायाला कळत नाही.

पुढे जनरल गेला आणि त्याने बंद पाडलेला आमचा कार्निवल फेब्रुवारीत परत आला. कादिसचा कार्निवल म्हणजे गाणी. दहा-बारा माणसं एकाच सोंगात रस्त्यावर उतरतात, तोंडात वेताची पिपाणी, एक ढोल, आणि वर्षभरात ज्याने ज्याने माती खाल्ली त्याची कडव्याकडव्यातून हजामत. काही ताफे मोठ्या नाट्यगृहातल्या स्पर्धेत जातात. बाकीचे कोणाची परवानगी न घेता कोपऱ्याकोपऱ्यावर गातात, त्यांना आम्ही कौतुकाने बेकायदे म्हणतो. रेग्ला सुरुवातीला पुरुषांची सोंगं शिवून द्यायची. मग एका वर्षी शेजारची पेपी म्हणाली, "शिवायचं आपण, गायचं त्यांनी, आणि गातात तरी काय, म्हशी रेकल्यासारखं." पेपीचा आवाज असा की तिने गल्लीत हाक मारली तर बंदरावरचे लोक वळून बघतात. त्याच वर्षी सहा बायकांचा बेकायदा ताफा निघाला. पुरुष म्हणून फक्त चानो, ढोलापुरता, आणि त्यालाही अट की मध्येच तोंड उघडायचं नाही.

दोन हजार तीनच्या त्या हिवाळ्यात सगळीकडे इराकची येऊ घातलेली लढाई गाजत होती. तिथे घातक शस्त्रं दडवली आहेत, असं सरकार रोज टीव्हीवर सांगायचं, आणि तपासनीस बिचारे पांढऱ्या कोटात वाळवंटभर हिंडून हात हलवत परत यायचे. देशातल्या दहातल्या नऊ माणसांना ही लढाई नको होती. आमच्या गल्लीत दहावा माणूस कोण, याचा शोध चालू होता, पण कोणी कबूल होईना. तळणीच्या दुकानात तर रोज सभा भरायची.

"तेल हो, दुसरं काय," म्हातारे खलाशी म्हणायचे.

"आमच्या पंतप्रधान साहेबांना मोठ्यांच्या पंक्तीला बसायचंय," पेपी म्हणायची. "इतकी वर्षं कोपऱ्यात उभं राहून कंटाळले ते."

"बसू दे की मग. पण जेवणाचं बिल आपल्याकडे का?" रेग्ला कढईतली माकुलं झाऱ्याने उलटवत विचारायची, आणि लोक पुडीतली मुशी खायची विसरून हसायचे.

त्या वर्षीचं सोंग तिला तिथेच सुचलं. सहा जणी शस्त्र-तपासनीस. मासळीबाजारातले पांढरे कोट, गळ्यात पाटी, आणि चानोने घरच्या घरी बनवलेलं यंत्र. केस वाळवायच्या मशीनला चाळणी ठोकलेली, वर सायकलची घंटा. कोपऱ्यावर उभं राहायचं, गर्दीतला एक जण धरायचा, त्याची झडती घ्यायची आणि गायचं:

गादी उसवली, पेटी उपसली, माळा झाडून काढला,
नवऱ्याच्या मोज्यांपाशी तेवढा यंत्राने सूर चढवला;
घातक काही सापडलं नाही, साहेब, जाऊ का घरी?
साहेब म्हणे, परसात खणा, तेल लागतंय का तरी!

दुपारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत तालीम व्हायची. जानेवारीअखेर अशाच एका तालमीत सेर्वांदो आला. हा रेग्लाचा एकुलता एक मुलगा, तिशीचा, नौदलात, खाडीपलीकडे रोताच्या तळावर. पोरगा सरळ, पण कमी बोलणारा, आणि कादिसमध्ये कोणी कमी बोललं की लोक त्याच्या कपाळाला हात लावून बघतात. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. बायका शेवटच्या कडव्यावर आल्या:

साहेब म्हणे, शांततेसाठी पोरं धाडतो दूर,
शांतता म्हणे तिथेच राहते, जिथे तेलाचा पूर;
इतकी गुणाची असेल लढाई, तर मांडा असा डाव,
पहिल्या बोटीत घाला साहेब, तुमच्याच पोरांचं नाव!

सगळ्या जणी हसत खाली बसल्या. सेर्वांदो हसला नाही.

"आई, हे शेवटचं नको गाऊस."

"का? चाल बिघडली?"

"चाल चांगली आहे. पण नको."

"खरं कारण सांग."

"कारण काही नाही. आमची बोट जाणार असं दिसतंय. नको म्हटलं ना."

बोट जाणार, हे शब्द रेग्लाच्या छातीत जाऊन बसले. पण ती घाबरली की तिची जीभ पुढे धावते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. "अच्छा," ती म्हणाली. "बाहीवर बढतीची नवी पट्टी लागायची असेल. आई रस्त्यावर सरकारला नावं ठेवते हे वरच्यांच्या कानावर गेलं, की पट्टी गेली."

सेर्वांदोने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "हो," तो म्हणाला. "तसंच समज." समोर मुशीची ताटली ठेवली होती, तिला हातही न लावता तो गेला. आपल्या घरचं कोणी मुशी न खाता उठून गेल्याचं चानोला आठवत नव्हतं.

"अगं, जरा जास्तच बोललीस," चानो म्हणाला.

"माझं पोर सरकारचं झालं," रेग्ला म्हणाली आणि कढई घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

कार्निवल आला आणि दणक्यात आला. सहा तपासनीस बायकांनी आठवडाभर शहर डोक्यावर घेतलं. बँकेच्या दारात त्यांनी पहारेकऱ्याची झडती घेतली, त्याच्या डब्यात आईने दिलेला बटाट्याचा पोळा निघाला, तो जप्त करून जागेवरच संपवला. एका जर्मन पाहुण्याला वाटलं खरंच पोलीस आहेत. त्याने हात वर केले आणि पुढची तीन गाणी तो तसाच उभा राहिला. लोक डोळे पुसत होते. म्हातारा हेर्मान काठी टेकत रोज यायचा आणि शेवटच्या कडव्याला काठी आपटून ताल धरायचा. रेग्लाच्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं सोंग होतं ते. आणि ती प्रत्येक कोपऱ्यावर गाताना गर्दीच्या मागच्या रांगेत एक उंच डोकं शोधत होती. एरवी सेर्वांदो एकही दिवस चुकवायचा नाही. या वर्षी तो फिरकला नाही.

बापाला तो फोन करायचा. "बरा आहे म्हणाला," चानो सांगायचा, "सामान चढवतायत म्हणाला." कार्निवल संपता संपता निरोप आला की बोट पुढच्या रविवारनंतर केव्हाही निघणार. रेग्लाने दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. पोर रागावून लढाईवर गेलं तर, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात फिरत होता, आणि त्यावर चाळणीचं यंत्रही चालत नव्हतं.

कार्निवल संपल्यावरच्या रविवारी आमच्याकडे हावरटांचा कार्निवल असतो. ज्यांचं दहा दिवसांत पोट भरत नाही ते त्या दिवशी पुन्हा बाहेर पडतात, चर्चचे उपासाचे दिवस चालू असले तरी. सेर्वांदो दिसायचाच असेल तर आता तेवढा एकच दिवस उरला होता. सकाळी सगळ्या जणी कोट चढवत असताना रेग्ला म्हणाली, "शेवटचं कडवं आज गाळायचं."

"डोकं फिरलं का तुझं?" पेपी म्हणाली. "लोक त्यासाठीच येतात."

"येऊ दे. माझा मुलगा आला, तर त्याला ते ऐकायला लागू नये."

पेपीने तोंड उघडलं आणि मिटलं. पेपीने न बोलता तोंड मिटणं ही आमच्याकडे मोठी मदत समजली जाते.

त्या रविवारी ऊन सुंदर पडलं होतं. ला पाल्मा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जवळ्याची कुरकुरीत धिरडी हातोहात जात होती, पोरं बापांच्या खांद्यांवर होती. एका बारमधल्या रेडिओवर बातमी चालू होती, बडी मंडळी आज दूर एका बेटावर भेटतायत, आमचेही साहेब त्यांत आहेत, लढाईचा निकाल तिथेच लागणार. पेपीने ती ऐकली आणि कंबरेवर हात ठेवले. "बघा म्हणजे. ते बेटावर बसून आमची पोरं कुठे पाठवायची ते ठरवतात, आणि बेकायदे म्हणे आपण." बार हसून दणाणला.

चर्चच्या पायऱ्यांपाशी ताफा उभा राहिला. पहिली कडवी झाली, टाळ्या झाल्या, लोक शेवटच्याची वाट बघू लागले. "पोरांचं म्हणा की," कोणीतरी ओरडलं. रेग्लाने ऐकलं नसल्यासारखं केलं आणि झडतीसाठी माणूस शोधायला मागे वळली. समोर सेर्वांदो उभा होता. साध्या कपड्यांत, शेजारी एक रुंद खांद्यांचा, मिशीवाला, गंभीर माणूस. बोटीवरचा त्याचा वरिष्ठ, नोव्होआ. उत्तरेकडचा, जिकडची माणसं हसण्याआधी दोनदा विचार करतात.

रेग्लाला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. पण सोंग घेतलं की रस्त्यावर सोंग सोडायचं नाही, हा आमच्याकडचा धर्म आहे. तो मोडला तर गर्दी माफ करत नाही. तिने यंत्र वर केलं. चानोने ढोल थांबवला.

"नाव?"

"सेर्वांदो."

"कुठे निघालात?"

"लांब. बोटीने."

"कशासाठी?"

गर्दी हसायला तयार होती. सेर्वांदो म्हणाला, "माहीत नाही, इन्स्पेक्टर बाई. पाणी, औषधं आणि तंबू चढवलेत. का ते कोणी सांगितलं नाही." कोणी हसलं नाही. हेर्मानने काठी दुसऱ्या हातात घेतली.

रेग्ला त्याचे खिसे तपासायला म्हणून जवळ गेली. त्याने मान खाली केली आणि तिच्या कानात बोलला. "आई, पट्टीबिट्टी काही नव्हती गं. तू गातेस ते खरं आहे, मला माहीत आहे. म्हणूनच नको म्हणत होतो. सगळी गल्ली ज्या गोष्टीला हसते, तिच्यासाठी मला बोटीवर चढायचंय. ते ऐकून पाय उचलेल का, याची भीती वाटली मला."

रेग्लाचे हात त्याच्या खिशातच राहिले. साऱ्या जगाच्या मनातलं खरं कारण खणून काढणारी ही बाई, आणि पोटच्या पोराचं एवढं सोपं कारण तिला ओळखता आलं नव्हतं. सरकारला लावायचा तो संशय तिने त्याला लावला. "चुकलं रे माझं," ती पुटपुटली. "ते कडवं मी काढून टाकलंय. नाही गात."

"कळलं मला, मघापासून ऐकतोय." सेर्वांदो सरळ झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, शेवटचं राहिलं तुमचं. पोरांचं. गा ते. मी उभा आहे."

आमच्याकडे ज्याच्यावर गाणं असतं, त्याने पूर्ण होईपर्यंत समोर उभं राहायचं असतं. भलेभले अर्ध्यातून निघून जातात. सेर्वांदो उभा राहिला. पिपाण्या वाजल्या, चानोने ढोल असा बडवला की कबुतरं उडाली, आणि बायकांनी कडवं उचललं. तिसऱ्या ओळीला रेग्लाचा आवाज गेला. पेपीने तो आपल्या आवाजात झाकून घेतला. चौथ्या ओळीला साऱ्या रस्त्याने साथ दिली, तुमच्याच पोरांचं नाव, आणि सगळ्यांत मोठ्याने सेर्वांदो गात होता, हसत, गाल ओले झालेले, त्याच्या बापासारखा बेसूर. पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर तो इतकं मोठ्याने काही बोलत होता. रेग्लाला वाटलं, इतका आनंद एका बाईच्या वाट्याला आला तर त्यात काहीतरी गडबड असणार, आणि तरी तिने तो घेतला.

टाळ्या थांबेनात. रेग्लाने डोळे कोटाच्या बाहीला पुसले, यंत्र सेर्वांदोच्या छातीला लावलं आणि घंटा वाजवली, वाजवतच राहिली.

"सापडलं," ती गर्दीला म्हणाली. "महिनाभर शोधत होतो ते. हे देशाबाहेर नेता येणार नाही. इथेच ठेवून तपासावं लागेल. बरीच वर्षं."

"ठेवा, ठेवा," लोक ओरडले. नोव्होआ आतापर्यंत मिशीआड हसत होता. तो अडखळत म्हणाला, "न्यावं लागेल, बाई. हुकूम आहे."

"ठीक आहे," रेग्ला म्हणाली. तिने सोंग सोडलं नव्हतं, पण आवाज सोंगातला नव्हता. "नेताय तसंच परत आणायचं. ओरखडासुद्धा चालणार नाही. हे आमच्या घरचं आहे."

नोव्होआचं हसू गेलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "आणतो, बाई," तो म्हणाला.